बिनओझ्याच्या गाडीची कमान

शहागडात हायवेच्या कडेला अण्णासाहेब हिवाळे यांचं कमान-पाट्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे, मधोमध माणूसभर खोल खड्डा आणि भोवती ट्रकांच्या मोडक्या पाट्यांचा ढीग. ट्रकच्या चाकाजवळ लोखंडी पट्ट्यांची वाकडी चवड असते, जिच्यावर गाडीचा सगळा भार तोललेला असतो, ती कमान. आणि तिच्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. एवढं ठाऊक असलेला माणूस दुकानात आला तर त्याला बसायला स्टूल मिळतं. ज्याला एवढंही ठाऊक नसतं त्याला अण्णासाहेब उभ्या उभ्याच शहाणं करून सोडतात.

अण्णासाहेब हे नाव त्यांना मोठेपणी मिळालेलं नाही, ते बारशातलं आहे. बाप हमाल होता. आधी अंबडच्या मोंढ्यातल्या धान्यबाजारात, मग अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या गोदामात. एवढंसं पोर आणि साहेब कसं काय, असं शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा बाप म्हणाला होता की मला तर कोणी साहेब म्हणायचं नाही, पण ह्याला हाक मारायची तर म्हणावंच लागेल. बापाचा अंदाज साफ चुकला. गावानं ‘अण्णा’वर भागवलं, ड्रायव्हर लोकांनी ‘मिस्त्री’ केलं आणि बायको बेबीनंदा ‘अवं’च्या पुढे कधी गेलीच नाही. निदान या कागदावर तरी आपण बापाचं ऐकू आणि पूर्ण नावानं बोलू.

नम्रपणा अण्णासाहेबांच्या अंगाला कधी लागला नाही. गेवराईच्या चाँदभाई उस्तादांकडे ते पोरवयात काम शिकले आणि पंचविशीत गोदावरी ओलांडून अलीकडे येऊन त्यांनी स्वतःचा खड्डा खणला. तेव्हापासून त्यांचा एकच दावा आहे, आणि तो समोरच्या कल्याणच्या हॉटेलात चहा पिणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेला आहे. आपण बांधलेली कमान पुन्हा खोलावी लागत नाही. ट्रक मोडेल, ड्रायव्हर मोडेल, रस्ता तर मोडलेलाच असतो, पण कमान तशीच राहील. एकदा तर भर हॉटेलात त्यांनी सांगून टाकलं होतं, की ज्या दिवशी मी बांधलेली कमान माझ्याच हातानं खोलीन त्या दिवशी दुकानाचा बोर्ड उतरवीन. कल्याणनं ते ध्यानात ठेवलं. त्याच्याकडे शिडीही होती.

या दाव्याच्या मुळाशी उस्तादांची एक शिकवण होती. गाडीत वजन किती भरतोस, असं ट्रकवाल्याला विचारलं तर तो खरं सांगत नाही. सोळा टन म्हणतो आणि बावीस भरतो. वाळूवाला तर वाळू दिसत असताना गाडी रिकामी आहे म्हणतो. म्हणून समोरचा जे सांगेल त्यात मनातल्या मनात निम्मं आणखी मिळवायचं आणि मगच पाटे ठरवायचे. अण्णासाहेबांनी ही शिकवण इतकी मनावर घेतली की घरी चार पाहुणे येणार म्हटलं तरी ते बेबीनंदाला सहा जणांचं पीठ मळायला लावत. उरलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी स्वतःच खात, पण अंदाज चुकला असं त्यांनी कधी कबूल केलं नाही.

तर अशा या माणसाकडे भारतरावांची गाडी आली.

भारतराव वडीगोद्रीच्या बाजूचे. घरचा भरपूर ऊस आणि जालन्यात बियाण्याचा धंदा. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माणसाला काहीतरी होतं. कोणी गुरू करतो, कोणी केस काळे करतो. भारतरावांनी पुण्याच्या एका म्हाताऱ्याकडून पन्नासेक वर्षांपूर्वीची विलायती एम.जी. मोटार उचलून आणली. हिरवीगार, जमिनीला चिकटलेली, लांब नाकाची, वर टप नाही आणि आत दोनच सीटा. ट्रॉलीवरून ती दारात उतरली तेव्हा भारतरावांचे वडील रामराव ओट्यावर बसले होते. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि हिच्यात काय भरतात, असं विचारलं. काही नाही, दोन माणसं बसतात, असं भारतराव म्हणाले. मग ही जाते कुठं, असा म्हाताऱ्याचा पुढचा प्रश्न. कुठंच नाही, उगंच फिरायला असते, असं उत्तर मिळाल्यावर रामराव आत जाऊन आडवे झाले ते जेवायलाच उठले.

गाडी देखणी होती, पण मागून बसलेली होती. मागच्या दोन्ही कमानी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक गतिरोधकावर सायलेन्सर खरडत होता. भारतरावांनी विलायतेहून पार्सल मागवलं. त्यात दोन नव्या कमानी होत्या, त्यांच्या टोकांना बसायचे रबरी बुश होते आणि मूळ गाडीला जे दणके झेलणारे, आडव्या हाताचे जुनाट शॉकप असतात त्यांच्या जागी बसवायचे उभे, नळीचे नवे शॉकप होते, त्यांच्या पट्ट्यांसकट. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं गाडी घेऊन या म्हटलं होतं. पण भारतरावांनी विचार केला की शेवटी कमान ती कमान, आणि कमानीचा माणूस तर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

गाडी दुकानासमोर थांबली तसा कल्याण हॉटेल सोडून रस्ता ओलांडून आला. एम.जी. तर आता शोरूममध्ये मिळते आणि तिला टपही असतो, मग तुम्हाला बिनटपाची का दिली, अशी चौकशी त्यानं केली. भारतरावांनी त्याला क्लासिक म्हणजे काय ते समजावलं. कल्याणनं मान डोलावली आणि पावसाळ्यात पोतं पांघरावं लागेल एवढंच म्हणाला.

अण्णासाहेबांनी खोकी उघडली. विलायती कमान हातात उचलून बघितली, तर ती एका हातात आली. ट्रकची कमान उचलायला दोन माणसं आणि चार शिव्या लागतात. पाटे तर इतके पातळ की अण्णासाहेब म्हणाले, ह्याचं उलथनं झकास होईल. भारतरावांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला. त्यात एक गोरा मिस्त्री हसत हसत हीच कमान बसवत होता. अण्णासाहेबांनी अर्धा मिनिट बघून मोबाइल परत केला. त्या माणसाच्या शर्टाला ग्रीसचा एक डाग नव्हता, आणि अशा माणसाचं ऐकायची अण्णासाहेबांना सवय नव्हती.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. पन्नास वर्षांचे गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवून, गरम करून, गोडीगुलाबीनं आणि जिथं गोडीगुलाबी चालली नाही तिथं हातोड्यानं काढले. जुने शॉकप सोडवले, नव्यांच्या पट्ट्या बेतून बसवल्या, एक भोक किंचित सरकवावं लागलं ते कानस लावून सरकवलं. नळीचे शॉकप असे सरळ उभे राहिले की भारतराव दर दहा मिनिटांनी खड्ड्यात डोकावून खूश होत होते. इथवर सगळं बरोबर होतं.

मग अण्णासाहेबांनी तो प्रश्न विचारला जो ते प्रत्येक गाडीवाल्याला विचारतात. वजन किती बसणार? भारतरावांनी इमानदारीनं सांगितलं की मी ऐंशी किलो, मंडळी साठ आणि कधीमधी एखादी पिशवी. अण्णासाहेब गालात हसले. ऐंशी आणि साठ म्हणजे दोनशेच्या वर धरायचं. शिवाय ऊसवाल्याच्या घरची गाडी आहे, आज ना उद्या तिच्यात खताचं पोतं येणारच. शेताकडून रिकामी परत आलेली गाडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी भारतरावांना चहाला पाठवलं आणि तेवढ्या वेळात दोन्ही कमानींत एका पिकअपच्या जुन्या पाट्यातून कापलेला एकेक जाड पाटा सरकवून दिला. पैसे मागायचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. आपल्या माणसाची गाडी उद्या ओझ्याखाली बसू नये, एवढाच हेतू.

बोल्टांचं शेवटचं आवळणं राहिलं होतं. कमानीच्या बुशांचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले तर रबर पिळवटून दोन महिन्यांत फाटतं, म्हणून गाडी चाकांवर उभी करून, भरून, मगच आवळायची रीत आहे. अण्णासाहेबांनी रीतीप्रमाणे गाडी भरली. मागच्या डिकीवर वाळूच्या गोण्या रचल्या, एवढ्या की भारतरावांनी डोळे मिटून घेतले. बोल्ट आवळले, गोण्या उतरवल्या आणि गाडी मागून जी वर आली ती वरच राहिली. उठायला लागलेली म्हैस आधी मागचे पाय सरळ करते आणि मध्येच विचारात पडते, तशी ती दिसत होती.

“मागून उंच वाटते, मिस्त्री,” भारतराव म्हणाले.

“रिकामी हाये म्हणून. वजन पडलं की बसंल बराबर.”

“पण वजन पडणारच न्हाई हो हिच्यावर.”

“समदे असंच म्हणतेत,” अण्णासाहेब म्हणाले आणि हात पुसायला गेले.

आता भारतरावांच्या मंडळींबद्दल सांगायला हवं. दैवशालाबाई झेडपीच्या शाळेत हेडमास्तरीण आहेत. त्यांचा आवाज एका वेळी चार वर्गांना पुरतो. गाडी घेताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण अंबडला एक लग्न होतं आणि भारतरावांनी फारच अजिजी केली, म्हणून त्या नवी पैठणी नेसून बसल्या. पहिल्या गतिरोधकाला गाडीनं त्यांना सीटवरून अल्लद उचललं आणि धाडकन परत ठेवलं. दुसऱ्याला त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि नेमकी जीभ दातांत सापडली. लग्नात बाईंना बोलता येईना. वीस वर्षांपासून त्यांना ओळखणारे नातेवाईक म्हणायला लागले की दैवशाला आता किती शांत झाली. भारतरावांना तो दिवस तसा बराच सुखाचा गेला.

जीभ बरी झाल्यावर बाई बोलल्या. रविवारपर्यंत गाडी बसण्यालायक झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी ती पुण्याच्या म्हाताऱ्याच्या दारात परत उभी राहील, आणि मी हे दोनदा सांगणार नाही.

भारतराव धावत शहागडला आले. गाडी उसळते, एकदा खोलून बघा, असं त्यांनी जरा दबकतच सांगितलं. अण्णासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्त्याची तक्रार रस्तेवाल्याकडं करा. कमान खोलायचा विषयच काढू नका. भारतरावांनी हात जोडले, तेव्हा अण्णासाहेबांनी जाऊन एका ट्रकचं चाक काढायला घेतलं.

कल्याणला मात्र आयता विषय मिळाला. उसाच्या ट्रकचा ड्रायव्हर असो की कांद्याच्या, चहा ठेवता ठेवता तो हळूच सांगायचा, की मिस्त्रीनं बांधलेल्या एका कमानीनं हेडमास्तरणीची जीभ तोडली. दोन दिवसांत ही बातमी पुलाच्या पलीकडे पोचली आणि परत येईपर्यंत तिच्यात बाईंचे दोन दातही पडलेले होते. ड्रायव्हर दुकानात यायचे आणि उगाच बोर्डाकडे बघायचे. अण्णासाहेब कोणाशी नीट बोलेनात. पिकअपच्या पाट्याचा जो तुकडा उरला होता तो ढिगावर समोरच पडलेला होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर टायर टाकला. मनातून त्यांना कळून चुकलं होतं, असं आपण म्हणू. पण मन आणि तोंड यांच्यामध्ये अण्णासाहेबांची मान होती आणि ती वाकत नव्हती.

रविवारी दुपारी हिरवी गाडी पुन्हा दुकानासमोर आली. यावेळी दैवशालाबाई सोबत होत्या, मांडीवर चार पदरी घडी केलेली गोधडी घेऊन. भारतरावांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि उतरले. बाई उतरल्या नाहीत. त्यांनी गोधडी काढून नवऱ्याकडे फेकली आणि अण्णासाहेबांना जवळ बोलावलं.

“मिस्त्री, मी उतरणार न्हाई. माझ्याइतकंच बांधा. मी किती हाये ते खालून बघा, अन् तेवढंच बांधा.”

अण्णासाहेबांच्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात वजन स्वतःहून येऊन असं कधी बोललं नव्हतं. ट्रकमधली वाळू बोलत नाही आणि ड्रायव्हर खोटं बोलतो. ते गांगरले. वेळ काढावा म्हणून म्हणाले की एकट्या माणसानं भागत नाही, दोन्हीकडं सारखं वजन लागतं. भारतराव पुढं झाले, तर बाई म्हणाल्या की तुम्ही तिकडं उभे राहा, तुमच्यामुळंच हे सगळं झालंय. एवढ्यात बेबीनंदा नवऱ्याचा डबा घेऊन आली. रोज यायची त्या वेळेला ती आली होती आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंनी स्टेअरिंगकडची सीट थोपटली.

“ताई, बसा बरं इथं जरा.”

बेबीनंदानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं दुसरीकडे बघितलं. मग तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि डबा मांडीवर घेऊन स्टेअरिंगमागे बसली. इतक्या खाली बसायचं म्हणजे घरातल्या जमिनीवर बसल्यासारखंच की, असं म्हणून तिनं पाय लांब केले. अण्णासाहेब खड्ड्यात उतरले. आपण नुसतं बघायला उतरतोय, खोलायला नाही, हे त्यांनी भारतरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

खाली अंधुक होतं. हातातल्या दिव्यानं त्यांनी कमान बघितली. दोन धडधाकट बायका वर बसल्या होत्या आणि कमान बोटभरही दबली नव्हती. जाडा पाटा तसाच ताठ होता आणि विलायती पातळ पाटे त्याच्यावर नुसते टेकून राहिले होते.

वर बायकांचं बोलणं चाललं होतं. खड्ड्यातल्या माणसाला ऐकू येतं हे वर बसलेल्याच्या ध्यानात येत नाही. दैवशालाबाई नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत होत्या. संध्याकाळ झाली की हा माणूस गाडी काढतो, पैठण फाट्यापर्यंत जातो आणि नुसता परत येतो. ना भाजी आणतो, ना कोणाला भेटतो. विचारलं कुठं गेला होता, तर उगंच. चाळीस गड्यांना कामाला लावणारा माणूस रोज तासभर उगंच जातो, हे त्यांना सहन होत नव्हतं. बेबीनंदा हं हं करत ऐकत होती. मग बोलली.

“तुमचे उगंच तरी जातेत, वहिनी. आमच्यान्नी मला कव्हाच उगंच कुठं नेलं न्हाई. दवाखान्याला नेलं, बाजारला नेलं, मयतीला नेलं. लग्न होऊन आले तव्हा बी उसाच्या ट्रॉलीत आले, अन् वाटंत ह्यान्नी दोन पोते युरिया चढवला. मी नवी नवरी, पोत्यावर बसून आले.”

दैवशालाबाई मोठ्यानं हसल्या. बेबीनंदाही हसली, पण थोडंच.

“सासरे हमाल व्हते आमचे,” ती पुढं म्हणाली. “म्हातारपणी काम सुटलं तर त्यान्ला नीट चालता येईना. तोल जायचा. मंग खांद्यावर अर्धं पोतं माती घेतली की बराबर चालायचे. विहिरीपर्यंत जायचे अन् यायचे, पोतं घेऊन. ह्यांचं बी तसंच हाये. रिकामं म्हंजे काय असतं ते ह्यान्ला ठाऊकच न्हाई. मनाचे वाईट न्हाईत. सवय न्हाई.”

खड्ड्यात अण्णासाहेबांना आधी संताप आला. घरातली गोष्ट, बापाची गोष्ट, आणि ती मोठ्या घरच्या बाईला अशी चव्हाट्यावर सांगायची. ते ओरडणारच होते. पण डोळ्यांसमोर बाप आला, विहिरीच्या वाटेवर खांद्यावर माती घेऊन चाललेला. त्या वेळी त्यांना बापाची लाज वाटायची, लोक हसतात म्हणून. पोतं काढून घे म्हणून ते बापावर खेकसले होते आणि बापानं काढलं नव्हतं. आता दिव्याच्या उजेडात समोर हा जाडा पाटा होता, ज्याला उचलायला या गाडीत काहीच नव्हतं. हा पाटा आपण कोणासाठी घातला, ते त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यांनी दिवा कडेला टेकवला आणि पाना उचलला.

“वहिनी, उतरा थोडं,” ते खालून म्हणाले. “कमान खोलतो.”

भारतरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण कल्याणनं रस्त्याच्या पलीकडून बरोबर ऐकलं. गिऱ्हाइकाचा चहा तसाच ठेवून तो आला, त्याच्यामागून तीन ड्रायव्हर आले आणि बघता बघता खड्ड्याभोवती माणसं जमली. अण्णासाहेबांनी गाडी जॅकवर घेतली, बोल्ट सोडले आणि आपल्या हातानं बांधलेल्या कमानी आपल्या हातानं खोलल्या. दोन्ही जाडे पाटे काढून वर फेकले. ते सगळ्यांच्या देखत दणदण वाजत पडले. कोणीतरी शिट्टी मारली. मिस्त्री, बोर्डाचं काय करायचं, शिडी आणू का, असं कल्याणनं अगदी अदबीनं विचारलं. अण्णासाहेबांनी आण म्हणून सांगितलंही असतं, इतके ते खचले होते. पण बेबीनंदानं हातातला डबा सावरत सांगितलं की बोर्ड काढू नका, त्याच्यामागचा पत्रा फुटलेला आहे, पाणी सगळं आत येईल. लोक खो खो हसले. कल्याणलाही हसू आवरेना आणि शिडीचं तिथंच राहून गेलं.

कमानी विलायतेहून आल्या तशा पातळ पाट्यांच्या परत बांधल्या. गाडी चाकांवर उतरवली आणि दोघी पुन्हा आपापल्या जागी बसल्या. आवळण्याआधी अण्णासाहेबांना राहवलं नाही. वहिनी, पर्समध्ये काही जड नाही ना, असं त्यांनी खालून विचारलंच. जेवढी आहे तेवढी बसलेय, असं वरून हेडमास्तरणीच्या आवाजात उत्तर आलं. त्यांनी निम्मं मिळवलं नाही. आहे तेवढ्यावर बोल्ट आवळले. कमान दोन बोटं दबली, आणि गाडीचं नाक आणि पाठ एका रेषेत आली.

भारतराव किल्ली घ्यायला पुढं झाले, पण बाईंनी किल्ली अण्णासाहेबांच्या हातात ठेवली. माझी जीभ आत्ताच कुठं बरी झालीय, आधी तुम्ही दोघं जाऊन या, असं त्यांनी फर्मावलं. ताई सांगतील ते मान्य. ताईंना दणका बसला तर गाडी उद्या पुण्याला. आणि मिस्त्रींनी मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

बेबीनंदा पलीकडच्या सीटवर सरकली. डबा अजून मांडीवरच होता. बांधलेली प्रत्येक गाडी अण्णासाहेब गोदावरीच्या पुलावर नेऊन तपासतात. पुलाच्या तुकड्यांच्या सांध्यांवर खरंखोटं कळतं. पूल संपला की बीड जिल्हा लागतो, थोड्या अंतरावर वळायला जागा आहे, तिथून परत. हा रस्ता त्यांनी हजारदा केला होता, पण असा कधी नाही. ट्रकमध्ये माणूस रस्त्याच्या वर असतो, इथं रस्ता कुशीला लागून चालला होता. शेजारून उसाचा ट्रक गेला तर त्याची चाकं यांच्या डोक्याइतकी उंच दिसली. बेबीनंदाचा पदर मागं उडत होता आणि तो आवरायचं तिनं सोडून दिलं होतं. डबा तिनं पायाशी ठेवला.

पहिला सांधा आला तेव्हा अण्णासाहेबांनी कान मागच्या कमानीकडे लावले. गाडी जराशी खाली गेली, वर आली आणि पुढं निघून गेली. दुसरा सांधा गेला, तिसरा गेला. बेबीनंदा गप्प होती. ती गप्प का आहे ते त्यांना कळेना. एवढ्या लोकांपुढं कमान खोलली, आता ही बाई काय म्हणते यावर सगळं ठरणार होतं. खाली नदीचं पाणी ऊन पडून चमकत होतं, ती तिकडंच बघत होती.

“बसला का दणका?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कव्हा?” बेबीनंदा म्हणाली.

पूल संपला. वळायची जागा दिसली तसा अण्णासाहेबांनी वेग कमी केला.

“कामून हळू केली?”

“फिरायचं न्हाई का माघारी? वहिनी थांबल्यात तिकडं.”

“थांबतीन. जरा पुढं चला.”

“पुढं काय काम हाये?”

बेबीनंदानं डोळ्यांवर आलेले केस मागं सारले.

“काम न्हाई,” ती म्हणाली.

अण्णासाहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, गिअर टाकला आणि वळण मागं जाऊ दिलं.